पाव, पाणी आणि यादी

गुप्त मंडळ काढायचं ठरलं की मराठी माणूस सगळ्यात आधी काय करील? वही आणील. तलवारी, मुखवटे, सांकेतिक खुणा वगैरे पुढचं पुढे. आधी अध्यक्ष, मग चिटणीस, मग सभासदांची यादी. इतिवृत्ताशिवाय आपल्याकडे बंडसुद्धा होत नाही.

१८४९ साली मुंबईत निघालेल्या परमहंस सभेनंही हेच केलं. काम मात्र साधं नव्हतं. जातिभेद मोडायचा, मूर्तिपूजा सोडायची, विधवाविवाहाला पाठिंबा द्यायचा, आणि हे सगळं दार लावून. मार्गदर्शक होते दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहून पुढच्या पिढ्यांतल्या पोरांचे शिव्याशाप घेतले ते. अध्यक्ष होते राम बाळकृष्ण जयकर. प्रार्थना दादोबांनी मराठीत रचलेल्या. व्याकरणकारानं रचलेली प्रार्थना म्हणजे देवालाही लिंग-वचन सांभाळूनच प्रसन्न व्हावं लागत असणार.

पण सभेचा खरा कस लागे तो प्रवेशाच्या वेळी. नव्या सभासदानं जात मानणार नाही अशी शपथ घ्यायची, ख्रिस्ती माणसानं भाजलेल्या पावाचा तुकडा खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. आज वडापाव खाताना हसू येईल. पण पावात ताडी घालतात, पीठ पायांनी तुडवतात, अशा समजुतींमुळे सोवळ्यातल्या घरात पाव शिरणं अशक्यच होतं. त्या तरुणाचा विचार करा. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेला, डोक्यात मिल आणि पेन यांचे विचार, मांडीवर धोतराचा सोगा, आणि समोर बशीत पावाचा एक तुकडा. तो घशाखाली उतरवताना त्याला तत्त्वज्ञान आठवलं असेल की घरी पाटावर वाट बघत बसलेली आई? मला तरी दुसरंच वाटतं.

भीती खोटी नव्हती. श्रीपत शेषाद्रि नावाचा ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहिला, तर त्याला १८४३-४४मध्ये जातीत परत घेता घेता बाळशास्त्री जांभेकरांच्या नाकी नऊ आले होते. त्यामुळे सभा लपून चालवली यात भेकडपणा दिसत असला, तरी तो समजण्यासारखा आहे.

गंमत म्हणजे याच शहरात १८४३ पासून फ्रीमेसन लोकांची ‘रायझिंग स्टार’ लॉज होती. तिथे हिंदुस्थानी लोकांनाही प्रवेश होता. पारशी आणि इंग्रज एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणत, आणि दाराबाहेर नागवी तलवार घेऊन एक माणूस पहाऱ्याला उभा असे. इमारत कुठली, जातं कोण, येतं कोण, हे सगळ्या गावाला ठाऊक. आत काय चालतं तेवढं झाकलेलं. परमहंस सभेचं नेमकं उलट. आत काय चालतं हे सांगायला कुणाचीच हरकत नसावी, पण कोण आलं ते कळता कामा नये. आणि तेच त्यांनी लिहून ठेवलं होतं!

व्हायचं ते झालं. १८६०च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली. सभेचं बिंग फुटलं आणि जातिभेद मोडायला निघालेली मंडळी जिकडेतिकडे पांगली. अकरा वर्षांचा संसार एका वहीबरोबर गेला. काहींनी पाव खाल्ल्याचंच नाकारलं असेल. त्यांना दोष देववत नाही.

यादीचा धडा आपण शिकलो नाहीच. तीस वर्षांनी, ऑक्टोबर १८९०मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासह बरीच मंडळी व्याख्यानाला गेली. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं भांडण, पेटलं. कुणी म्हणे चहा प्यायलाच नाही, कुणी म्हणे नुसता कप हातात धरला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. मुंबईत निदान यादी चोरायला माणूस तरी लागला होता. पुण्यात ती वर्तमानपत्रातच आली.

परमहंस सभेतल्या काही लोकांनी मात्र हाय खाल्ली नाही. ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष झाले दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग. या वेळी दार उघडं होतं, नावं उघड होती, आणि पावाची अट काढून टाकलेली होती. जात मोडल्याचा पुरावा कुणी मागत नसे. शहाणपण म्हणा, माघार म्हणा. मला दोन्ही थोडं थोडं वाटतं. बशीतल्या तुकड्याला जी धार होती ती प्रार्थनेला आली नाही, हे म्हणायलाच हवं.

पण टिकला तो प्रार्थना समाजच. गिरगावात बसचा कंडक्टर आजही त्याच्या नावानं स्टॉप पुकारतो. परमहंस सभेच्या वाट्याला आलं ते अ. का. प्रियोळकरांचं एक पुस्तक, तेही शंभर वर्षांनंतर.