सगळ्यांचीच गेलीय का?

लाइट गेली की मराठी माणूस आधी काडेपेटी शोधत नाही, आधी गॅलरीत जातो. समोरच्या इमारतीत अंधार दिसला की त्याच्या जिवाला बरं वाटतं. मग तो घरात येऊन जाहीर करतो, "सगळ्यांचीच गेलीय." आपल्या एकट्याची गेली तर ते संकट, आणि सगळ्यांची गेली तर ते सार्वजनिक जीवन. ही शंका फिटल्यावर तो दुसरा प्रश्न विचारतो : "कशामुळे गेली?" तिसरा त्यानंतर : "येणार कधी?" क्रम सहसा बदलत नाही. २००५च्या आगेमागे भारनियमनाचा जो काळ महाराष्ट्राने काढला, त्यात आमच्यासारख्यांचं या तीन प्रश्नांचं पाठांतर पक्कं झालं. दळण कधी टाकायचं, पाहुण्यांना कधी बोलवायचं, मुलांना अभ्यासाला कधी बसवायचं, हे सगळं वीज ठरवायची आणि आपण पाळायचो.

हे शिक्षण परदेशातही उपयोगी पडतं. श्रीलंकेत पडलं.

आम्ही चौघं होतो : मी, बायको, मेव्हणी आणि साडू. साडू वीज खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त ते झाले, पण वीज त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. कँडीला दंतमंदिरात सगळे हात जोडून उभे असताना ते छताकडे बघत होते. भाविकांना वाटलं गृहस्थ ध्यानात आहेत. प्रत्यक्षात ते वायरिंग बघत होते. महावेली नदी दिसली तेव्हा बायको म्हणाली, "काय सुंदर वळण आहे!" साडू म्हणाले, "पुढे व्हिक्टोरिया धरण. दोनशे दहा मेगावॉट." सिगिरियाच्या पायथ्याची पाचव्या शतकातली कारंजी केवळ पाण्याच्या उतारावर चालतात, हे ऐकल्यावर मात्र ते क्षणभर हळवे झाले. म्हणाले, "म्हणजे लोड शून्य." सामानात त्यांनी टेस्टर आणला होता. परदेशी सहलीला टेस्टर कशाला, असं मेव्हणीने विचारलं, तर त्यांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू तिने पासपोर्ट कशाला असं विचारलं.

तर ९ फेब्रुवारी २०२५, रविवार. गॉलजवळ उनावटुनाला समुद्रापासून जरा आत एका घरगुती गेस्ट हाऊसमध्ये आम्ही उतरलो होतो. सकाळचे अकरा वाजून गेले असतील. डोक्यावरचा पंखा आधी आळसावला, मग थांबला. उष्ण कटिबंधात पंखा थांबला की पहिल्या मिनिटाला काही होत नाही. दुसऱ्या मिनिटाला मानेवरून एक थेंब निघतो. पाचव्या मिनिटाला तुम्ही आणि तुमचा शर्ट यांच्यात फरक राहत नाही.

आम्ही चौघंही आपोआप गॅलरीत आलो. शेजारच्या गॅलरीत एक उंचापुरा रशियन पर्यटक उघड्या अंगाने उभा होता. तो समुद्र बघत होता. आम्ही त्याचा पंखा बघत होतो. तोही बंद होता. बरं वाटलं. साडू टेस्टर घेऊन खाली गेले.

गेस्ट हाऊस चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत. साडू मूळचे सांगलीकडचे, त्यामुळे त्यांना ते म्हणायला शिकावं लागलं नाही. अक्का फोनवर होत्या. मुलगा कोलंबोत, बहीण कँडीत, दीर अनुराधपुरात. एकेक फोन संपत होता आणि अक्का एकेका गावाची मान हलवत होत्या. तिथंही नाही. तिथंही नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "महत्तया, सगळ्या लंकेत नाही."

साडूंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्यांच्या उभ्या नोकरीत गल्ली गेली होती, फीडर गेला होता, एखादेवेळी तालुका गेला होता. अख्खा देश त्यांच्या हजेरीत पहिल्यांदाच गेला होता. जिने चढून ते वर आले आणि दारात उभं राहून म्हणाले, "सगळ्यांचीच गेलीय." हे वाक्य जन्मात इतक्या पूर्णार्थानं त्यांना कधी म्हणायला मिळालं नव्हतं. नंतर खाली जाऊन त्यांनी मीटरच्या पेटीला टेस्टर लावून बघितला. देशभर वीज नसताना या घरातही ती नाही, याची त्यांनी खात्री करून घेतली.

पहिला प्रश्न असा निकालात निघाला. दुसऱ्याचं उत्तर दुपारी आलं. अक्कांच्या मुलाने फोनवर सांगितलं : ऊर्जामंत्री म्हणताहेत, कोलंबोच्या दक्षिणेला पानदुरा सबस्टेशनमध्ये एक माकड घुसलं आणि ट्रान्सफॉर्मरला भिडलं.

लंका. वानर. अंधार. मराठी माणसाला परदेशात इतकं ओळखीचं कारण क्वचितच मिळत असेल. मेव्हणीने भक्तिभावानं हात जोडले. मी म्हणालो, "मागच्या वेळी उजेड फार झाला होता, या वेळी हिशेब चुकता केला." अक्कांना विनोद समजला, कारण कथा त्यांनाही ठाऊक होती; पण ज्यांची लंका असते त्यांना तो आपल्याइतका आवडत नाही, हेही दिसलं. बायकोने तेवढं विचारलं, "माकडाचं काय झालं?" कुणीच उत्तर दिलं नाही. देशाची वीज गेल्यावर माकडाची चौकशी करणारी त्या दिवशी ती एकटीच असावी.

साडूंना मात्र माकड पटेना. "आमच्याकडे खार यायची," ते म्हणाले, "कावळा यायचा, साप यायचा, संक्रांतीला मांजा यायचा. पण खारीने महाराष्ट्र घालवला असं कधी झालं नाही." मग शहाळ्याच्या पाण्यावर त्यांचं व्याख्यान सुरू झालं. तिथं नारिंगी सालीचं शहाळं मिळतं, त्याला थंबिली म्हणतात; फ्रीज लागत नाही आणि श्रोत्याला बसवून ठेवतं. व्याख्यानाचं सार असं. आज रविवार, म्हणजे कारखाने-कचेऱ्या बंद, मागणी कमी. वर रणरणतं ऊन, म्हणजे छपरांवरचे सोलर जोरात. अशा वेळी ग्रीडवर मोठमोठी फिरणारी जड यंत्रं थोडीच चालू असतात. एकत्र कुटुंबात चार जड, जुनी माणसं असली की कुणी कितीही आदळआपट केली तरी घर हलत नाही. ती नसली तर एका भांड्याच्या आवाजानं वाटण्या होतात. ग्रीडचं तेच; त्या जडपणाला इनर्शिया म्हणतात. एका ठिकाणी दणका बसला, पन्नास हर्ट्झची लय बिघडली, आणि एकेक केंद्र स्वतःचा जीव वाचवायला बाजूला झालं. नोरोच्चोलेचं कोळशावरचं केंद्र, तीनशे मेगावॉटचे तीन संच, तेही पडलं. "माकड निमित्तमात्र," साडू म्हणाले आणि उरलेली मलई चमच्याने खरवडू लागले.

पुढच्या दिवसांत तिथल्या वीज मंडळाचा खुलासा साधारण याच वळणाचा आला, तेव्हा साडूंनी तो आम्हाला वाचून दाखवला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिंहली-तमिळ नववर्षाच्या सुट्टीत छपरावर सोलर असलेल्या लोकांना दुपारी तीनपर्यंत ते बंद ठेवण्याची विनंती करण्यात आली. वीज कमी पडली तरी दिवे जातात आणि जास्त झाली तरी जातात. ती बातमी त्यांनी आम्हाला घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवली. सोबत मजकूर नव्हता. गरजही नव्हती.

कारण कळलं म्हणून घाम थांबत नाही. पंप बंद म्हणजे गच्चीवरची टाकी आहे तेवढीच. अक्कांनी बादल्या भरून ठेवल्या आणि आम्ही पुन्हा तांब्यानं अंघोळ करणारे झालो. बायकोने हौसेनं आणलेली विजेची किटली आणि उपम्याची पाकिटं एकमेकांकडे बघत बसली. तशीही त्या किटलीची गोल पिन आणि भिंतीतल्या नव्या चौकोनी पिनेचं सॉकेट यांचं अडाप्टरशिवाय जमत नव्हतं. आता भांडण्याचं कारणच उरलं नाही. दुकानात कार्डाचं यंत्र मुकं, एटीएम मुकं. ज्याच्या खिशात रोख रुपये तो राजा, आणि आमच्यात ती मेव्हणी होती. डास पळवणारं विजेवरचं यंत्र बंद पडल्याचं डासांना आमच्याआधी समजलं.

शेजारच्या मोठ्या हॉटेलात जनरेटर होता. उजेड त्यांच्याकडे, आवाज आमच्याकडे. त्यांचे पाहुणे गारव्यात काचेआड बसले होते आणि तिकडचा धूर वारा इमानेइतबारे आमच्याकडे पोचवत होता. उलट अक्कांकडे, फ्रीजमधलं आइस्क्रीम वितळायच्या आत सगळ्यांनी खायचं असा हुकूम सुटला. त्यात रशियनही होता. साडूंनी त्याला हातवाऱ्यांनी इनर्शिया समजावली. त्याने अदबीनं तीन वाट्या संपवल्या.

संध्याकाळपर्यंत देश तुकड्यातुकड्यानं उजळला. आमचा तुकडा उजळला तेव्हा आम्ही चौघं एका सुरात ओरडलो, "आली रे आली!" अख्ख्या उनावटुनात एवढा एकच आवाज झाला. रशियन दचकला. स्थानिक लोक शांतपणे उठले आणि पंप चालू करायला गेले.

राहिला तिसरा प्रश्न. साडूंच्या मते अंधारापेक्षा माणसाला याच प्रश्नाचा त्रास जास्त होतो. सोमवारी वेळापत्रक लागलं. नोरोच्चोलेचे संच परत यायला वेळ लागणार, म्हणून सोमवार-मंगळवार दुपारी साडेतीन ते रात्री साडेनऊच्या दरम्यान आळीपाळीनं दीड-दीड तास वीज बंद. अक्कांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान पसरलं. रविवारी त्या कावऱ्याबावऱ्या होत्या, सोमवारी नव्हत्या. भात आधी शिजवून ठेवला, नारळ आधी खवला, पाणी आधी चढवलं. म्हणाल्या, दीड तास म्हणजे काय, २०२२ला आम्ही तेरा तास काढले. परकीय चलन संपलं, इंधन येईना, मार्चअखेरीस दिवसाला तेरा तासांपर्यंत वीज बंद असायची. तेव्हा प्रत्येक भागाला एक इंग्रजी अक्षर मिळालं होतं आणि लोकांना आपलं अक्षर पाठ असायचं. "आम्ही आर," अक्का म्हणाल्या, एखाद्याने आपलं गोत्र सांगावं तशा. साडूंना गहिवरून आलं. आपल्याकडे वीजगळतीवरून गट पडायचे, हे त्यांनी तत्परतेने सांगितलं.

अक्कांकडे याहून जुनी गोष्टही होती. १९९६ साली पाऊस रुसला, धरणं आटली. तेव्हा सरकारने वीज वाचवण्यासाठी देशाची घड्याळंच एक तास पुढे केली. काही महिन्यांनी त्यातला अर्धा तास परत दिला. उत्तरेत बंडखोर तमिळ वाघांनी नवी वेळ मानली नाही. एका बेटावर दोन वेळा चालू राहिल्या. २००६च्या एप्रिलमध्ये घड्याळं पुन्हा मूळ जागी, म्हणजे आपल्या भारतीय वेळेवर आली. वीज नाही म्हणून आपण पंचांग बघतो, या देशाने सूर्योदयच सरकवला. साडू बराच वेळ बोलले नाहीत. नोकरीत ही कल्पना आपल्याला सुचली नाही, याची त्यांना हळहळ वाटत असावी.

बुधवारी पौर्णिमा होती, नवम पोयाची. सुट्टीमुळे मागणी कमी, म्हणून त्या दिवशी भारनियमन नाही. साडूंनी दुपारपासून बेत आखला : पंखा फिरतोय, फ्रीज चालू आहे, संध्याकाळी समुद्रकाठी एक थंड बीअर. पण श्रीलंकेत पौर्णिमेला दारूविक्री बंद असते. लाइट नव्हती तेव्हा बीअर होती, पण गरम. लाइट आली तेव्हा फ्रीज गार होता, पण रिकामा. साडूंनी चांदण्यात म्हशीचं दही आणि काकवीसारखा कित्तुल माडाचा पाक खाल्ला आणि मेव्हणी म्हणाली, हा तिच्या सहलीतला सर्वांत चांगला दिवस.

तेव्हा उष्ण कटिबंधात जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. खोली खालच्या मजल्यावर घ्या, वारा येईल अशी. एसीपेक्षा खिडकी बघा, आणि खिडकीपेक्षा घरमालकीण. रोख पैसे ठेवा, आणि ते ज्याला जपता येतात त्याच्याकडे ठेवा. पॉवर बँक, डासांची कॉइल आणि पुठ्ठ्याचा पंखा घ्या. अंधाराला घाबरू नका. अडीअडचणीत तिथली माणसं आपल्यापेक्षा सरावलेली असतात. फक्त शेजारच्या जनरेटरपासून लांब राहा. आणि शक्य असेल तर वीज खात्यातला एखादा निवृत्त नातेवाईक सोबत न्या. वीज त्याला आणता येणार नाही, पण ती का गेली हे ती येईपर्यंत तो सांगत राहील.