बोलेल तर शपथ

माझा लॅपटॉप चालू केला की वर एक बारीक पट्टी, तिच्यात एक ते नऊ आकडे, आणि खाली मिट्ट काळोख. आयकॉन नाहीत, स्टार्ट बटण नाही, कोपऱ्यात हवामान सांगणारा सूर्यही नाही. घरी येणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो, "बिघडलाय का हो?"

बिघडलेला नाही. अल्पाइन लिनक्स आहे, त्यावर डीडब्ल्यूएम हा विंडो मॅनेजर. २००६ साली आलेल्या या डीडब्ल्यूएममध्ये सेटिंग्ज नावाची भानगडच नाही. पट्टीचा निळा रंग नको असेल, तर सी भाषेतली फाइल उघडा, रंगाचा आकडा बदला आणि अख्खा प्रोग्राम पुन्हा कंपाइल करा. यामुळे नवशिके फिरकत नाहीत, असं कर्त्यांनी अभिमानानं लिहून ठेवलंय. मेहुणा म्हणाला, "तेवढ्यात घर रंगवून होईल." होईल की! पण 'मेक' म्हटल्यावर चार सेकंदांत काम उरकणारा रंगारी त्यानं मला दाखवावा.

सगळे हसतात, अण्णा तेवढे हसले नाहीत. अण्णा तार ऑफिसातून रिटायर झालेले. एलएस, सीपी, एमव्ही, आरएम ही कमांडांची नावं त्यांनी चष्मा वर करून वाचली नि म्हणाले, "स्वर कुठं सांडले रे?" मी सांगितलं, १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सला हात घातला, तेव्हा कमांड टेलिटाइपवर द्यायचे. कागदावर सेकंदाला दहा अक्षरं खडखडत उमटायची.

"टेलिप्रिंटर! मग हे आधी नाही का सांगायचं?" अण्णा खुर्ची ओढून बसलेच. "आमच्याकडे शब्दाला पैसे पडायचे. ग्रीटिंग तारेत तर लग्नाचा अख्खा आशीर्वाद एका आकड्यात जायचा."

त्यामुळे एलियस म्हणजे काय, लांबलचक कमांडला छोटं नाव कसं देतात, हे त्यांना समजवावं लागलं नाही. आरएम फाइल उडवताना 'नक्की ना?' असं विचारत नाही, हेही पटलं. गेलेली तार कोण परत बोलावणार? एड नावाचा जुना एडिटर मी मुद्दाम बसवून घेतलाय. अण्णांनी त्यात 'हेल्प' टाइप केलं. उत्तर आलं, '?'. पुन्हा सविस्तर विचारलं. '?'. "आमचे एक साहेब असेच होते," अण्णा खुशीत म्हणाले.

परवा मेहुण्याला लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर हवे होते. अण्णांनी दोन बोटांनी सीपीची ओळ टाइप करून एंटर दाबलं. थोड्या वेळानं प्रॉम्प्ट परत आला, बाकी एक अक्षर नाही. मेहुण्याचा धीर सुटला. "झालं का? हा काहीच कसा बोलत नाही?"

"मग झालं असणार," अण्णा म्हणाले. "तार पोचली नाही म्हणून लोक काउंटरवर भांडायला यायचे. पोचली म्हणून कधी कुणी पेढे आणले? आणि हात काढ त्या पेनड्राइव्हवरून, यूमाउंट व्हायचंय अजून!"