नळीच्या तोंडाबाहेरची हवा

पूर्वपरीक्षेचा फिजिक्सचा पेपर हातात घेऊन भाचा घरी आला, तो बूटसुद्धा न काढता माझ्यासमोर उभा राहिला.

"मामा, हे बघा. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, उत्तर बरोबर. तरी अर्धा कापलाय."

मी चष्मा लावला. उत्तर होतं ०.४८. त्याच्यापुढे लाल शाईत नुसतं एक प्रश्नचिन्ह. किती ते पोरानं सांगितलं होतं, काय ते सांगायचं राहिलं होतं. टेस्ला, वेबर की अँपिअर, हे परीक्षकानं मनकवडेपणानं ओळखायचं!

मामा म्हणून मी त्याची बाजू घेईन, अशी त्याची समजूत असावी. पण भोसरीच्या एमआयडीसीत माझी हयात क्वालिटी इन्स्पेक्शनमध्ये गेलेली. माझी सगळी सहानुभूती त्या लाल शाईकडे गेली. आमच्याकडे एकदा फोनवर निरोप आला, "पट्ट्या सहाच्या कापा." सांगणाऱ्याच्या मनात सहा इंच, कापणाऱ्याच्या मनात सहा सेंटीमीटर. संध्याकाळपर्यंत अख्खा लॉट भंगारात. आमचं सोडा, आम्ही भोसरीचे. १९९९ साली नासाचं मंगळाकडे धाडलेलं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' याच पायी गेलं. एका चमूचे आकडे पाउंडाच्या हिशोबात, दुसरा चमू ते न्यूटनच्या हिशोबात धरून बसलेला. यान मंगळाच्या नको तितकं जवळ गेलं आणि हरवलं. त्या मानानं आमच्या भाच्याचा अर्धाच मार्क गेला, हे स्वस्तात सुटणं झालं. हे मी त्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "नासाला सीईटी नाही द्यायची, मामा."

भाचा जुन्नरकडचा. बारावीसाठी आमच्याकडे कासारवाडीला राहिला, त्यामुळे वर्षभर फिजिक्सच्या मार्कांचं शास्त्र मलाही शिकावं लागलं. फिजिक्सपेक्षा ते अवघड निघालं.

एकूण गुण शंभर. ७० लेखीचे, ३० प्रॅक्टिकलचे. लेखीत आधी दहा मार्कांचे पर्यायी प्रश्न, त्यात पहिलाच प्रयत्न धरला जातो. खाडाखोड करून शहाणपण सुचलं तर ते तुमच्यापाशी. मग एकेका मार्काचे आठ छोटे प्रश्न. पुढे मात्र बोर्डाचं मन मोठं होतं. दोन मार्कांचे बारा प्रश्न, त्यातले कोणतेही आठ सोडवा. तीन मार्कांचे बारा, त्यातलेही कोणतेही आठ. चार मार्कांचे पाच, त्यातले तीन. हे ऐकून मी गार झालो. बारापैकी कोणतेही आठ बोल्ट आवळा, बाकीचे सोडून द्या, असं आमच्या शॉपमध्ये कुणी म्हणालं असतं, तर त्यालाच सोडून दिलं असतं.

कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. हे वाचून मला फार बरं वाटलं. डोक्यावरून मेट्रो धावते, नाशिक फाट्यावर दुमजली उड्डाणपूल आहे, आणि खाली घरात बसलेला पोरगा अँटीलॉगच्या रकान्यात बोट घालून चौथा अंक शोधतोय. जुन्या पंचांगात मुहूर्त शोधणाऱ्या आमच्या आजोबांसारखा दिसतो अगदी.

गणिताचे मार्क पायऱ्यापायऱ्यांनी मिळतात. सूत्राचे वेगळे, किमती घालण्याचे वेगळे, उत्तराचे आणि एककाचे वेगळे. ही गोष्ट मामीच्या कानावर पडली.

"म्हणजे भाजी करपली तरी फोडणीचे मार्क मिळणार?"

"मिळणार, मामी."

"आणि मीठ विसरलं तर?"

"अर्धा जाणार."

"बोर्डाला म्हणावं, एकदा जेवायला या."

मी मात्र मनातल्या मनात बोर्डाला हात जोडले. आमच्याकडे पायरीचे मार्क नव्हते. गो आणि नो-गो अशी दोन तोंडांची गेज. 'गो' शिरलं पाहिजे, 'नो-गो' शिरता कामा नये. बस्स. कामगारानं रात्रपाळी करून, ताप अंगावर काढून जॉब केलाय, हे गेजला कळत नाही. बोर्डाला निदान एवढं कळतं, की पोरगा शेवटच्या वळणावर चुकला, पण तिथवर नीट चालत आला होता.

मग आलं प्रॅक्टिकल.

त्याच्या कॉलेजची प्रयोगशाळा रेल्वेलाइनच्या बाजूला. प्रयोग आला रेझोनन्स ट्यूबचा. नळीत पाणी, वर हवेचा रिकामा खांब. नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटायचा, नळीच्या तोंडाशी धरायचा आणि पाण्याची पातळी हलकेच खाली न्यायची. एका ठिकाणी ती नळी अचानक घुमते. हवेच्या खांबाची ती लांबी टिपायची. सगळी मदार कानावर. आणि नेमका कान लावला, की लोणावळ्याहून आलेली लोकल भोंगा देत कासारवाडी स्टेशनात शिरते. नळी घुमली की मोटरमन, हे कळायला मार्ग नाही. लोकल जाईपर्यंत अख्खी बॅच हातात नादकाटे धरून आरतीला उभी राहिल्यासारखी उभी, असं भाच्यानं सांगितलं.

संध्याकाळी त्यानं प्रयोगवही दाखवली. बाकी सगळं सुरेख अक्षरात, एका ओळीत मात्र कागद खरवडलेला. अशी जागा शोधण्याचाच मला पगार होता. मी ती वही उजेडात तिरकी धरली. खालचा पुसलेला आकडा होता ३४८. वर लिहिलेला ३३२.

"हे काय?"

"आवाजाचा वेग ३३२ असतो ना, मामा. माझा ३४८ आला होता. सगळ्यांनीच ॲडजस्ट केलं."

मी त्याची मूळ मापं मागितली. ती मात्र त्यानं कच्च्या कागदावर जपून ठेवली होती. नादकाटा ५१२ हर्ट्झचा. खांबाची लांबी १६.१ सेंटीमीटर. नळीचा व्यास ३ सेंटीमीटर. व्यासाला ०.३ नं गुणून आलेले ०.९ लांबीत मिळवायचे, झाले १७. त्याला कंपनसंख्येनं आणि चारानं गुणलं की सेकंदाला ३४८ मीटर.

"वर्गात तापमान किती होतं?"

"अठ्ठावीस."

"आणि ३३२ कुठल्या तापमानाचं?"

पोरगा गप्प झाला. ३३२ हा शून्य अंशाचा आकडा. तापमान एका अंशानं चढलं की आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरनं वाढतो. अठ्ठावीस अंशांना तो ३४८च्या आसपासच यायला हवा. लोकलचा भोंगा, गळकी नळी, तीसजणांचा कलकलाट, इतक्यातून पोरानं अगदी अचूक माप काढलं होतं. आणि मार्क जातील या भीतीनं ते पुसून कासारवाडीत बर्फ पाडला होता.

मी रागावलो नाही. आमच्याकडेही नवीन पोरं हेच करायची. ड्रॉइंगवर २५ मिलिमीटर लिहिलंय म्हणून रिपोर्टात ओळीनं २५.००, २५.००, २५.०० भरून मोकळी. मी म्हणायचो, बाबा, लोखंड इतकं आज्ञाधारक नसतं. खरा रिपोर्ट थोडा वेडावाकडा दिसतो, २४.९९, २५.०१, पुन्हा २४.९९. आकडा चुकला तर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. भाच्याला तेच शिकवलं. त्यानं ३३२वर रेघ मारली, शेजारी ३४८ लिहिलं, सही केली आणि धास्तावून विचारलं, "सर ओरडले तर?"

"तापमान सांग."

सर ओरडले नाहीत. वही बघून म्हणे नुसते "हं" म्हणाले. मास्तरांच्या 'हं'ला किती मार्क असतात, ते बोर्डाच्या कुठल्याच तक्त्यात नाही.

पुढे सीईटी आली आणि मोजपट्टीच बदलली. फिजिक्सचे पन्नास प्रश्न, एकेका मार्काचे, चुकलं तरी काही कापत नाहीत. एकक लिहायचं कामच नाही. पायऱ्यांचे मार्क नाहीत. थोडक्यात, गो आणि नो-गो. जेईईत तर बरोबरला चार आणि चुकीला उणे एक. आणि निकाल गुणांत लागत नाही, पर्सेंटाइलमध्ये लागतो. म्हणजे तुम्ही किती शिकलात ते नाही, किती जण तुमच्या मागे राहिले ते. तेही दशांश चिन्हानंतर सात घरं! आयुष्यभर मी मायक्रोमीटर वापरला, त्याचं लघुतम माप मिलिमीटरचा शंभरावा भाग. एक कोटीव्या भागापर्यंत पोरगं मोजणारं यंत्र मी कासारवाडीत बसून पहिल्यांदा पाहिलं.

याच्या उलट गंमत २०२१ साली झाली. करोनामुळे बारावीची परीक्षाच रद्द झाली आणि निकाल लागला ३०:३०:४० असा. दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३०, बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४०. शेजारच्या एका मुलीच्या बारावीच्या गुणांना तेव्हा दहावीतल्या मराठीच्या निबंधाचाही हातभार लागला होता. ती आता इंजिनीअर आहे. पूल कोसळल्याचं अजून ऐकिवात नाही.

मला एकच गोष्ट खटकते. आमच्याकडे टॉलरन्स न लिहिलेलं ड्रॉइंग आलं की ते आल्या पावली परत जायचं. नुसतं २५ म्हणजे काही नाही. २५ अधिक-उणे ०.०२ म्हणा, मग बोलू. आमच्या नाशिक फाट्यावरून निघणारा रस्ता चाकण, राजगुरुनगर करत नारायणगावला जातो. तिथून जवळच खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. या सगळ्या डिश मिळून झालेल्या रेडिओ दुर्बिणीवर काम करणारे शास्त्रज्ञसुद्धा दूरच्या दीर्घिकेचं माप देताना पुढे अधिक-उणे लिहितात. मोजताना चूक होणारच; ती किती होऊ शकते ते सांग, हाच तर फिजिक्सचा पहिला धडा. आणि त्याच विषयाच्या गुणपत्रिकेत मात्र ठाम ७३ छापलेलं. अधिक-उणे काही नाही. परीक्षकाचा चहा झाला होता की नव्हता, पोराला त्या दिवशी सर्दी होती की नव्हती, ही शून्य त्रुटी कुणी वजा करत नाही. पुनर्मूल्यांकनाला अर्ज करता येतो, नाही असं नाही. पण ते दुसऱ्यांदा मोजणं झालं.

भाच्याला फिजिक्समध्ये ७३च पडले. त्याला ८५ची आशा होती. दुपारभर तो भिंतीकडे तोंड करून पडला. मामीनं शिरा केला, तोही खाईना. शेवटी मी त्याची प्रयोगवही काढून त्याच्या उशाशी बसलो.

"त्या नळीच्या लांबीत तू ०.९ का मिळवलेस रे?"

"एंड करेक्शन," तो भिंतीलाच म्हणाला.

"ते का करायचं?"

"नळी संपते तिथं हवेची थरथर संपत नाही. तोंडाच्या जराशी बाहेरची हवाही घुमते. मोजपट्टीला ती दिसत नाही, म्हणून वरून मिळवायची."

"किती?"

"व्यासाच्या ०.३ पट."

मी पुढे काही बोललो नाही. तेवढ्यात लोकलचा भोंगा झाला आणि कपाटातली भांडी किणकिणली. पोरगा या कुशीवरून त्या कुशीवर वळला, माझ्या हातातल्या वहीकडे बघितलं आणि म्हणाला, "मामा, व्यासाचं एकक लिहायचं राहिलंय तिथं."

खरंच राहिलं होतं. त्यानं उठून पेन घेतलं, ३च्या पुढे 'सेंमी' लिहिलं आणि मग शिऱ्याची वाटी ओढली.