मानकोलीहून शिडाने बेटांवर : उभयतांसाठी सूचना

निळं पाणी, पांढरी वाळू, स्वतःची शिडाची बोट आणि बोटीवर दोघंच, असा संसार मांडायचा असेल तर आधी भिवंडीजवळ, गोदामांच्या मानकोलीत घर घ्यावं. ज्यांचं इथेच घर आहे त्यांचा निम्मा अभ्यासक्रम पुरा झालेला असतो. त्यांना कुणी प्रमाणपत्र दिलेलं नसतं एवढंच.

चाळीस फुटी बोट बऱ्यापैकी वाऱ्यात ताशी पाच-सहा सागरी मैल चालते, म्हणजे नऊ ते अकरा किलोमीटर. संध्याकाळी सातला मानकोली नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला हा वेग सांगून पाहा, त्याच्या डोळ्यांत हेवा दिसेल. शहरातली उत्साही जोडपी या संथपणानेच आधी खचतात. आपल्याकडे मात्र दोन कंटेनरच्या मध्ये सापडल्यावर इंजिन बंद करून, काच खाली घेऊन, पुढचा कधी हलेल याची चिंता सोडून देणारी माणसं घरोघरी आहेत. भर समुद्रात वारा पडला की नेमकं एवढंच करायचं असतं. टँकर न आलेल्या दिवशी एका बादलीत दोघांची अंघोळ उरकणं आणि इन्व्हर्टरवर पंखा चालवायचा की फ्रिज, यावर रात्री अकरा वाजता शांतपणे बोलता येणं, हेही पात्रतेत धरलं जाईल.

आता प्रस्थान. मानकोलीजवळची खाडी परकी नाही. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर याच पाण्याच्या आधाराने मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात झाली. सरकारदरबारीही तिचा मान मोठा आहे: २०१६ च्या कायद्याने उल्हास नदी आणि वसईची खाडी धरून कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला. तेव्हा तुम्ही हायवेनेच जाणार आहात, फक्त खड्डे पाण्याखाली आहेत.

अडचण पुलांची. मोठागावचा पूल मागे टाकला की खारेगाव, मग कशेळी, पुढे घोडबंदरजवळ वर्सोव्याचा पूल आणि शेवटी भाईंदर-नायगावचा रेल्वे पूल. नौदलाच्या ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीची डोलकाठी सुमारे २५ मीटर उंच आहे, तुमची तिच्या निम्मी असली तरी हे पूल बांधताना ती कुणी विचारात घेतली असेल, या भरवशावर राहू नये. म्हणून बुडाशी बिजागरी असलेली डोलकाठी घ्यावी, ती आडवी पाडून ओहोटीबरोबर इंजिनावर खाली सरकावं आणि वसई किल्ला दिसल्यावर उभी करावी. आडव्या काठीच्या बोटीला किनाऱ्यावरचे लोक ‘बिघडली काय?’ असं विचारतील. हात हलवून पुढे जावं.

भरतीचं गणित मोबाइलवर मिळतं, पण मोबाइल खाडीत पडतो. त्यासाठी कोळ्यांचा हिशेब पाठ असावा: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. हा हिशेब समुद्रकिनाऱ्याचा; खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. एरवी चिखलात रुतलात तर पुढच्या भरतीपर्यंत चहा करून घ्यावा. पण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, अगदी भरतीच्या माथ्यावर रुतलात, तर तेवढं पाणी पुन्हा पंधरवड्यानेच चढतं. त्या पंधरा दिवसांत ‘मी सांगत होते’ हे वाक्य किती वेळा म्हणायचं, ते निघण्यापूर्वीच दोघांनी ठरवून घ्यावं.

निघायचं दिवाळीनंतर. त्या दिवसांत ईशान्येचे वारे पाठीशी असतात आणि दक्षिणेकडे जाणं सुखाचं होतं. मात्र वादळांचा हंगाम डिसेंबरपर्यंत रेंगाळतो, म्हणून हवामान खात्याचं पत्रक वाचल्याशिवाय नांगर उचलू नये. परत फिरायला मे उजाडू देऊ नये. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने या किनाऱ्याची काय दशा केली ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पावसाळ्यात बोट पाण्याबाहेर काढून झाकून ठेवायची असते. दक्षिणेत कोचीला बोलघट्टीवर मरिना आहे, तिथे पाणी भरून घ्यावं आणि मगच लक्षद्वीपकडे वळावं. तिथल्या बेटांवर उतरायला भारतीय माणसालाही परवाना लागतो. स्वातंत्र्याच्या शोधात निघणाऱ्यांनी झेरॉक्स प्रती जास्तीच्या काढाव्यात.

दिवस-रात्र प्रवास असेल तेव्हा पाळ्या लावतात: तीन तास एक जागा, दुसरा झोपलेला. म्हणजे ज्या सहवासासाठी घरदार सोडलं तो शीड बदलायच्या वेळी, म्हणजे वारा अंगावर आल्यावर, दोन-चार मिनिटं मिळतो. गोदामात एकाची दिवसपाळी आणि दुसऱ्याची रात्रपाळी असलेल्या जोडप्यांना यात नवीन काही वाटणार नाही. थोरांची उदाहरणं तपासली तर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’तून शिडाने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले आणि अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये त्याच बोटीतून कुठेही न थांबता. दोघेही एकटे गेले होते. यावरून काय समजायचं ते ज्याने त्याने समजावं. दोघांनी मिळून करण्याचा दाखला दिलना के. आणि रूपा ए. या नौदलाच्या अधिकाऱ्यांचा. २ ऑक्टोबर २०२४ ला त्या गोव्याहून ‘तारिणी’ घेऊन निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २९ मे २०२५ ला परतल्या. पण त्या नवरा-बायको नव्हत्या, हा फायदा हिशेबात धरावा लागेल. दोन्ही बोटी बांधल्या गोव्यातल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात. तेव्हा बोट कुठे मिळते, हा प्रश्न निदान मराठीत विचारता येतो.

खरी परीक्षा नांगर टाकताना. पाण्याची खोली भरतीच्या वेळची धरायची आणि तिच्या पाचपट तरी साखळी सोडायची, हा नियम दोघांनाही पाठ असतो. तरीही बोटीच्या पुढच्या टोकावरून ‘अहो, सोडू का?’ असा आवाज येतो, सुकाणूवरून ‘थांब!’ असं उत्तर जातं, वाऱ्यात त्यातला ‘थां’ उडतो, ‘ब’ला ‘बरं’ समजून साखळी सुटते, आणि आसपासच्या बोटींवरची मंडळी पेले घेऊन बाहेर येऊन बसतात. यावर उपाय हातवाऱ्यांचा. मूठ म्हणजे थांब, उघडा पंजा म्हणजे सोड. बाकीचे हातवारे दोघांनी आपसांत ठरवावेत, पण परक्या देशाच्या बंदरात करू नयेत.

सामान भरताना गोदामाचा अनुभव कामी येतो. दमट हवेत डब्यांची लेबलं गळून पडतात, म्हणून झाकणावर मार्करने लिहावं आणि कुठल्या फळीखाली काय आहे याची वही ठेवावी. वही बायकोने ठेवली तर डाळ सापडते. नवऱ्याने ठेवली तर वही शोधावी लागते.

उरलेला वेळ दुरुस्तीत जातो. दरवर्षी बोटीच्या किमतीचा दहावा हिस्सा देखभालीला लागतो, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. सर्वांत आधी जातो तो इंपेलर: इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं तळहातात मावणारं रबरी चाक. समजा तो लक्षद्वीपमधल्या अगत्तीला तुटला. ऑनलाइन मागवावा. दुसऱ्या दिवशी पार्सल ‘भिवंडी हब’ला पोचल्याचा संदेश येईल. आठव्या दिवशीही तोच येईल. मग चिडचिड न करता नवऱ्याने विमानाने कोची, तिथून मुंबई, असं जाऊन स्वतःच्याच गल्लीतून ते चाक घेऊन यावं. विमानतळ ते मानकोली या टप्प्याला हवामानाचा अंदाज लागू पडत नाही. शक्यतो रात्री बारानंतर निघावं.