कॅप्टन, येऊ का?

अमेरिकेतल्या बड्या विमान कंपनीचा कॅप्टन म्हणजे केवढं प्रस्थ! बाहीवर चार पट्टे, पाठीमागे दीडशे-दोनशे जीव, आणि पगार असा की रुपयांत सांगितला तर ऐकणारा दोनदा शून्यं मोजेल. हाच गृहस्थ भल्या पहाटे भलत्याच कंपनीच्या विमानाच्या दारात बॅग पायाशी उभी करून, आपल्या मुलाच्या वयाच्या कॅप्टनला अजिजीने विचारत असतो, "सर, आज तुमच्याबरोबर येऊ का?"

मागतोय काय, तर घडीची खुर्ची. तिचं नाव जंपसीट. बोइंग ७३७ मधली तर बघण्यासारखी असते. कॉकपिटच्या दारातच, दोन्ही वैमानिकांच्या मागे मधोमध ती उघडायची. उघडली की दाराची वाट बंद. पाठ दाराला, गुडघे मधल्या खटक्याबटणांच्या चौथऱ्याला, आणि पाय ठेवायचे कुठे हे बोइंगने बसणाऱ्याच्या कल्पकतेवर सोडलेलं. इकॉनॉमीतली मधली सीट हिच्यापुढे सासुरवाडीचा पलंग. या खुर्चीसाठी तिकडे जेवढे मानापमान होतात तेवढे आपल्याकडे आमदारकीच्या तिकिटासाठीच होत असतील.

मुळात याला स्वतःचं घर, स्वतःची कंपनी, स्वतःचं विमान असताना दुसऱ्याच्या दारात का उभं राहावं लागतं? कारण नोकरी एका गावी आणि घर भलत्याच गावी. कंपनी सांगते, तुझा तळ न्यूयॉर्क. न्यूयॉर्कला घर घ्यायचं तर विमान विकावं लागेल आणि तेही याच्या नावावर नाही. मग बायको-मुलं फ्लोरिडात, आणि हा दर आठवड्याला हजार मैलांवर कामाला. बदली मागून घराजवळ यावं तर तिथे याच्याहून ज्येष्ठ माणसं ठाण मांडून बसलेली. कधी आलाच, तर कंपनी तो तळच बंद करते.

न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाजवळ क्यू गार्डन्स नावाची वस्ती आहे. विमानवाल्यांची तिथे इतकी गर्दी की तिला 'क्रू गार्डन्स' म्हणतात. एकेका घरात दुमजली खाटा लावलेल्या. जास्त भाडं भरलं तर खाट कायमची तुमची. कमी भरलं तर जी रिकामी असेल ती, चादर आपली आपण आणायची. लालबाग-परळच्या गाळ्यात पाळीवाले कामगार जसे एकाच वळकटीवर आळीपाळीने झोपायचे, तसाच हा कारभार. फरक एवढाच, की इथले कामगार झोपून उठले की पंधरा-वीस कोटी डॉलरचं यंत्र आकाशात नेतात.

तर घरून कामाला जायचं म्हणजे आधी खुर्ची मिळवायची. कंपन्यांनी एकमेकांच्या वैमानिकांना फुकट नेण्याची सोय ठेवली आहे. पण शेवटचा शब्द त्या विमानाच्या कॅप्टनचा. तो नाही म्हणाला की नाही. वर अपील नाही. म्हणून या खुर्चीभोवती रीतिभातींचं असं काही सोवळं उभं राहिलंय की पेशवाईतल्या शिष्टाचाराच्या कारकुनाने कानाला खडा लावावा. आधी गेटवरच्या बाईंना नमस्कार. संगणक त्यांच्या हातात असतो, त्यामुळे त्यांचं मन राखणं हे पहिलं कर्म. मग आत जाऊन कॅप्टनसमोर जातीने उभं राहायचं. कंपनीचं ओळखपत्र, परवाना, वैद्यकीय दाखला तयार ठेवायचा. दैव उघडून पाठीमागे प्रवाशांत रिकामी जागा मिळाली, तरी कॅप्टनला विचारल्याशिवाय तिथे बसायचं नाही. बसलात तर ती चोरी नव्हे, पण चोरीपेक्षा वाईट मानली जाते. पैसे भरलेल्या प्रवाशांच्या आधी वरच्या कप्प्यात बॅग कोंबायची नाही. हवाईसेविकांसाठी चॉकलेटची पिशवी न्यायची. चॉकलेट कोणतं यावरही मतभेद आहेत, पण न नेणाऱ्याबद्दल एकमत आहे.

दहा हजार फुटांखाली तोंड बंद. हा नुसता शिष्टाचार नव्हे; त्या उंचीखाली कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त अक्षर बोलायचं नाही, असा १९८१ पासूनचा नियमच आहे. वर गेल्यावर बोलावं, पण बेताने. विमान उतरताना यजमानाने धावपट्टीवर असं आपटलं की कवळी हातात यावी, तरी पाहुण्याने खिडकीबाहेर बघत राहावं. उतरताना "आभारी आहे, छान झाला प्रवास" एवढंच म्हणायचं. 'छान' म्हणताना भुवई हलता कामा नये. परतीच्या दिवशीही हाच कॅप्टन असू शकतो.

हे झालं दाराच्या आतलं. खरं कुरुक्षेत्र बाहेर, गेटवर. खुर्ची एक, उमेदवार तीन. दोघं वेगवेगळ्या कंपन्यांचे, आधीपासून येऊन बसलेले. एकमेकांकडे बघून हसतात, मुलांची चौकशी करतात, आणि मग सहज, अगदी हवापाण्याच्या सुरात प्रश्न येतो: "तुम्ही नाव कधी टाकलंत?" परक्या कंपनीवाल्यांत आधी आला तो पहिला. समोरच्याने वेळ सांगितली की याचा चेहरा बघावा. मनातल्या मनात पुढचं विमान, त्याच्या पुढचं विमान आणि घरी करायचा फोन, सगळं एका क्षणात फिरून जातं. इतक्यात तिसरा येतो, कॉफीचा पेला हलवत, दार बंद व्हायला पाच मिनिटं असताना. त्याच्या छातीवर यजमान कंपनीचाच बिल्ला. घरच्या माणसाचा हक्क पहिला! तो सरळ आत जातो. मागे राहिलेले दोघं आता सख्खे मित्र.

घरच्यांतही सुख नाही. अमेरिकन वैमानिकाचं नाव कंपनीत कुणी विचारत नाही, नंबर विचारतात. ज्येष्ठतेच्या यादीतला तो नंबर ठरवणार तुमचं विमान, तुमचा तळ, नाताळ घरी की धावपट्टीवर. सक्तीची निवृत्ती पासष्टीला, म्हणून कुणाच्या पासष्टाव्या वाढदिवसाला खालचे सगळे मनापासून टाळ्या वाजवतात. केक कापणाऱ्यालाही त्या आनंदाचं कारण ठाऊक असतं.

आणि मग जुनी वैरं. १९८५ साली युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांनी २९ दिवस संप केला. नव्या भरतीला कमी पगार देण्याच्या योजनेवरून. जे संप मोडून विमानं उडवायला गेले, त्यांची नावं संपफोड्यांच्या यादीत गेली. त्याआधी काँटिनेंटलची यादी होती, पुढे १९८९ मध्ये ईस्टर्नचीही आली. या याद्या वैमानिक वर्षानुवर्षं बॅगेत बाळगत. संपफोड्या दारात येऊन "येऊ का?" म्हणाला की कॅप्टन यादी उघडणार, बोट फिरवणार आणि शांतपणे नाही म्हणणार. गिरणी संप पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे वाळीत टाकलं की पाणी बंद. तिकडे खुर्ची बंद.

विमानातल्या अशा पाहुण्यांनी बरंवाईट दोन्ही दाखवलंय. १९८९ मध्ये युनायटेडच्या डीसी-१० ची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा हवेत निकामी झाली, तेव्हा प्रवाशांत बसलेला त्याच कंपनीचा प्रशिक्षक डेनी फिच उठून कॉकपिटमध्ये गेला आणि त्याने इंजिनांच्या दांड्या सांभाळल्या. विमान सू सिटीला आदळलं, तरी २९६ पैकी १८४ जण वाचले. उलट १९९४ मध्ये फेडेक्सच्या मालवाहू विमानात फुकट बसून आलेला त्यांचाच कर्मचारी गिटारच्या पेटीत हातोडे घेऊन आला होता. तिघा वैमानिकांनी रक्तबंबाळ होऊन विमान मेंफिसला उतरवलं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जंपसीटवरच्या एका सुट्टीवरच्या वैमानिकाने चालू इंजिनं बंद करणाऱ्या मुठी ओढायचा प्रयत्न केला, तोही वेळीच रोखला गेला. ११ सप्टेंबर २००१ नंतर परक्यांना कॉकपिटचं दारच बंद झालं होतं. ओळख संगणकावर पडताळायची सोय झाली तेव्हा ते पुन्हा उघडलं. संगणक माणूस कोण आहे ते सांगतो, कसा आहे ते मात्र कॅप्टनने "येऊ का?" या दोन शब्दांवरून ओळखायचं.

एवढ्या सगळ्यात कंपनी कुठे असते? कंपनी नामानिराळी. तिने वैमानिकाला कामासाठी दुसऱ्या विमानाने पाठवलं, तर तो कायद्याने ड्यूटीवर असतो. तोच माणूस, तेच विमान, हवी तर तीच खुर्ची, पण तो घरून आपणहून निघाला असेल तर कायद्याच्या लेखी तो विश्रांती घेतोय. गुडघे चौथऱ्याला, पाठ दाराला, आणि विश्रांती! बऱ्याच करारांत एक दयाळू कलमही आहे: जागा असलेली दोन विमानं गाठायचा प्रयत्न केला आणि तरी पोचला नाहीत, तर शिक्षा नाही. पगारही नाही.

२००९ च्या फेब्रुवारीत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान कोसळलं, ५० माणसं गेली. त्याची सहवैमानिक आदल्या रात्री सिएटलहून निघाली होती. फेडेक्सच्या जंपसीटवरून मेंफिस, तिथून दुसऱ्या मालविमानाने पहाटे नेवार्क. कॅप्टनचं घर फ्लोरिडात. चौकशीत मुख्य दोष कॅप्टनच्या चुकीच्या हाताळणीवर आला. थकव्याबद्दल निष्कर्ष असा, की त्याचा परिणाम झाला असावा, पण किती ते ठरवता येत नाही. त्यानंतर विश्रांतीचे नवे नियम आले, २०१४ पासून लागू झाले. त्यातून मालवाहू विमानं वगळली. खोकी तक्रार करत नाहीत. आणि घर ते तळ हा प्रवास? ती वैमानिकाची खासगी बाब.

मात्र नव्या नियमांत एक सही आली. प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिकाने लिहून द्यायचं, मी ताजातवाना आहे, उडायला लायक आहे. ती सही घेताना रात्र कुठे काढली, असं कंपनी विचारत नाही. भरतीच्या जाहिरातीत मात्र तीच खुर्ची सवलतींच्या यादीत असते: अमर्याद मोफत विमानप्रवास.