कुणाच्या डावीकडे?

स्टुटगार्टमध्ये काकांना पत्ता विचारण्याची चूक मी एकदाच केली. साधी माणसं ‘पुढं जाऊन डावीकडं वळ’ म्हणतात. काका आधी विचारतात, “कुणाच्या डावीकडं?” हे शहर वाटीसारख्या दरीत वसलेलं. उतारावर द्राक्षमळे आणि चारशेवर दगडी जिने. इथं उत्तर-दक्षिण धरून चालणारा माणूस शेवटी भिंतीला नाक लावून उभा राहतो, असं काकांचं ठाम मत. “अरे, प्रत्येक उताराला त्याचे स्वतःचे अक्ष दे. मग बघ!”

पोटासाठीही ते हेच करतात. गाडीच्या सांगाड्याचे संगणकावर लाखो तुकडे पाडायचे आणि भार दिला की कुठला तुकडा किती वाकतो ते काढायचं. एखादा आधार उतारावरून सरकणारा असेल, तर सगळ्या सांगाड्याच्या क्ष-य अक्षांत त्याचं वागणं लिहिताना दोन्ही दिशा एकमेकींत अडकतात. त्या बिंदूपुरते अक्ष उताराएवढे फिरवले की एकच अट उरते : उतारात घुसू नकोस, बाकी घसर खुशाल.

यात काकांचे हातही पोळले आहेत. कार्बनतंतूंचा थर तंतूच्या दिशेनं जेवढा ताठ, त्याचा दहावा हिस्साही आडव्या दिशेनं नसतो. म्हणून शून्य अंश कुठून मोजायचा, हे आधी ठरवावं लागतं. तरुणपणी काकांनी ते सॉफ्टवेअरवर सोडलं. प्रत्येक तुकड्यानं आपापलं शून्य धरलं आणि सगळ्या भागावरचे तंतू भांडणाऱ्या बोक्याच्या केसांसारखे विस्कटले. गंमत म्हणजे त्या गोंधळातूनही ऑप्टिमायझरनं ‘सर्वोत्तम’ उत्तर काढून दिलं! तेव्हापासून काका कुणाच्याही शून्यावर विश्वास ठेवत नाहीत.

तुकडे पाडून गणित करण्याच्या या पद्धतीचे एक प्रणेते जॉन आर्गिरिस यांनी १९५९ मध्ये इथल्या विद्यापीठात संस्था काढली, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या जाळीदार छपराच्या गणितात तिचा हात होता, हे काका भाच्याचं लग्न आपणच जमवल्याच्या थाटात सांगतात.

घर पोटमाळ्यावर, छत उतरतं. काकांनी गणपतीची तसबीर छताच्या अक्षांत लावली. दोरीला लोंबकळलेले गजानन देव्हाऱ्यात डोकावू लागले. काकूंनी मुकाट्यानं ती सरळ भिंतीवर हलवली.

चतुर्थीला काका मोदकांत शिरले. “मोदकाला क्ष-य चालत नाही, त्याला दंडगोल अक्ष! कळ्या अकरा, म्हणजे दर ३२.७ अंशांवर एक. उद्दिष्ट : सारण जास्तीत जास्त. बंधन : पारी फुटता कामा नये.” मग त्यांनी पारी सगळीकडून सारखी पातळ केली. मोदकपात्राचं झाकण उघडलं तर आत गूळखोबऱ्याचं तळं.

“बुडाशी जाड, कळ्यांकडं पातळ,” काकू म्हणाल्या. “बोटांना कळतं ते.”

“हेच तर जाडीचं ऑप्टिमायझेशन!” काका आनंदानं ओरडले. जणू बंधन मोडलं ते मोदकांनीच.

काकूंचे मोदक घेऊन आम्ही डेगरलोखला आरतीला निघालो. मारिएनप्लात्झहून दातेरी रुळांची गाडी जाते, १८८४ पासूनची. सव्वादोन किलोमीटरांत दोनशे मीटर चढते. काकांच्या मांडीवर तुपाची वाटी, गाडीच्या जमिनीला काटेकोर समांतर.

“काका, सांडेल,” मी म्हटलं.

“डब्याच्या अक्षांत वाटी अगदी सपाट आहे.”

चढ लागला. तूप डब्याच्या अक्षांना न जुमानता काकांच्या पँटवर उतरलं.

“तंतू, आधार, मोदक, ज्याचे त्याचे अक्ष असतात,” रुमालानं पुसत काका हळूच म्हणाले, “फक्त वजन सगळ्यांचं एकाच दिशेनं. तेवढं राहिलं.”

काकूंनी वाटी आपल्या हातात घेतली, उरलेल्या तुपाकडं पाहिलं आणि ते काठाला समांतर होईपर्यंत तिरकी केली.

“किती अंश?” काकांनी विचारलं.