दग्धतेचा थाट

पश्चिम जपानातील गृहस्थ सुगी वृक्षाच्या तीन फळ्यांचे त्रिकोणी धुराडे बांधून ते आतून पेटवीत आणि कोळशाची साय धरलेल्या त्या फळ्या भिंतीस ठोकीत. कारण त्या काजळीने कीड, ओल आणि ठिणगी यांपासून लाकडाचे रक्षण होई. आजच्या इंग्लंडातील हौशी घरमालकास मात्र दाह नको, दाहाची कीर्ती तेवढी हवी. म्हणून ज्वालेचे दर्शनही न घडलेल्या, कारखान्यात काळा रंग फासून भेगांचा ठसा उमटविलेल्या फळ्या तो रीतसर मंजूर करतो आणि लगोलग आगीच्या विम्याचा हप्ताही बिनतक्रार भरतो. अग्निपरीक्षेस न बसताच तिचे प्रमाणपत्र दर्शनी भिंतीवर लावण्याची ही सोय सीतामाईच्या काळी उपलब्ध असती, तर युद्धकांडाचा शेवट पुष्कळच आटोपशीर झाला असता.